क्लचचा दांडा आणि कांसाची मुळे : जुन्या डोझरचा एक दुर्लक्षित इतिहास

स्वातंत्र्योत्तर काळातल्या शेतीविषयक अहवालांत एकरांचे आकडे सापडतात, कर्जाचे आकडे सापडतात, यंत्रांची संख्याही सापडते. यंत्र चालवणारा माणूस मात्र 'ऑपरेटर' या एका शब्दात आटोपलेला असतो. गेली काही वर्षे मी जुन्या क्रॉलर यंत्रांची माहितीपुस्तके गोळा करतो आहे. ती वाचताना माझे असे मत बनले की, त्या काळातल्या जमीनसुधारणेच्या यशापयशाचा बराचसा भाग एका लोखंडी दांड्याशी आणि तो ओढणाऱ्या हाताशी जोडलेला आहे. तो दांडा म्हणजे हातक्लच.

प्रसंग ठरावीक घेऊ. बुंदेलखंड, सागर, होशंगाबाद, भोपाळ या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत कांस गवत माजले होते. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांच्या नांगराने ती नुसती खरचटतात आणि पुढच्या पावसाळ्यात गवत दुप्पट जोमाने वर येते. त्यावर उपाय एकच होता : फूटभर खोल नांगरट करून मुळे उलथवायची आणि उन्हाळ्यात वाळू द्यायची. यातला सागर, होशंगाबादचा भाग तेव्हा ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर होती, त्यामुळे हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका परका नाही.

हे काम सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनकडे आले. सुरुवात झाली ती महायुद्धानंतर भारतात उरलेल्या अमेरिकी लष्करी यंत्रांवर. याच पिढीच्या यंत्रांनी आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशाकडे जाणारा रस्ता कोरला होता. डिसेंबर १९४२ मध्ये ते काम सुरू झाले, फेब्रुवारी १९४३ अखेर पांगसाउ खिंड गाठली गेली आणि पहिला ताफा ४ फेब्रुवारी १९४५ रोजी कुनमिंगला पोहोचला. त्या रस्त्यावर राबलेल्या सुमारे १५,००० अमेरिकी सैनिकांत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. त्यांचीही नावे रस्त्याला मिळाली नाहीत, ते सेनापतीच्या वाट्याला गेले.

जुनी यंत्रे पुरेनात, म्हणून २९ सप्टेंबर १९४९ रोजी जागतिक बँकेशी १ कोटी डॉलरचा करार झाला. त्यातला मुख्य हेतू कांस उखडणारे अवजड ट्रॅक्टर आणणे हाच होता. ही तारीख लक्षात ठेवावी. कारण त्याच महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले होते : डॉलर सुमारे ३.३० रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. म्हणजे सागरच्या शिवारात गिअरचे एक चाक फुटले, तर त्याच्या जागी येणारे चाक एका रात्रीत दीडपटीच्या जवळ महागले होते. शिवाय ते बोटीने येणार. कामाचे महिने मोजके, कारण काळी माती भिजली की यंत्र रुतते. हंगामात बंद पडलेले यंत्र पुढच्या हंगामापर्यंत उभे राहण्याची भीती खरी होती.

आता यंत्राकडे. त्या काळच्या कॅटरपिलर डी-७, डी-८ सारख्या यंत्रांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये कोरडा क्लच असे. तो पायाने नव्हे, हाताने चालवायचा. दांडा ओढत नेला की एका बिंदूपर्यंत विरोध वाढत जातो आणि तो ओलांडला की खटका बसून क्लच स्वतःच घट्ट धरून राहतो. चांगल्या ऑपरेटरची परीक्षा इथेच. आधी दांडा हळू आणून साखळदंडातली ढिलाई काढायची, नांगर ताणात घ्यायचा, आणि मग अजिबात न रेंगाळता खटका बसवायचा. मध्येच घुटमळला तर चकत्या घसरतात, तापतात, वाकतात. एकदम झटका दिला तर तो सरळ दातांवर जातो. खटक्याला जोर लागेनासा झाला, की क्लच कसून घ्यायची वेळ आली. हे हाताला कळते. त्यासाठी कोणताही काटा नव्हता.

गिअर सरकते होते. आजच्या मोटारीसारखे वेग जुळवून देणारे साधन त्यांत नव्हते, म्हणून चालत्या यंत्रात गिअर बदलायचा नाही, हा पहिला नियम. क्लच सोडल्यावर दांडा आणखी पुढे रेटला की एक छोटा ब्रेक गिअरबॉक्सचा फिरता दंड थांबवतो. तो थांबेपर्यंत धीर धरायचा. एक दात तुटला तर एकच गिअर जातो असे नाही. तो तुकडा तेलात फिरतो, दुसऱ्या जोडीत सापडतो आणि पेटीच खाऊन टाकतो. म्हणून तेल बदलताना तळाशी चमकता चुरा दिसतो का, हे पाहणे म्हणजे जवळजवळ शवविच्छेदन असे, फक्त मरणाच्या आधी केलेले.

उतारावरची गोष्ट याहून रंजक आहे. माथ्यावरच, उभे राहून, खालचा गिअर टाकायचा. न्यूट्रलमध्ये सुटलेले अवजड यंत्र पुन्हा गिअरमध्ये घेता येत नाही, प्रयत्न केला की दात जातात. आणि तीव्र उतारावर इंजिन यंत्राला मागे धरत असताना वळणाचा नियमच उलटतो. सपाटीवर डावा स्टिअरिंग क्लच सोडला की यंत्र डावीकडे वळते. उतारावर मात्र डावी चेन मोकळी होऊन पुढे धावते, उजवी रोखलेली राहते, आणि यंत्र उजवीकडे वळते. नवख्याला हे दरीच्या कडेला कळले तर उशीर झालेला असे.

पुढे तेलाच्या दाबावर चालणारे गिअर आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या यंत्रांत टॉर्क कन्व्हर्टर आणि पॉवरशिफ्ट रुळू लागले. भारतात १९६४ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या बीईएमएलने जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने डोझर बनवले, आणि आयातीची टांगणी थोडी सैलावली. नव्या पेटीला नवी पथ्ये लागली. ब्लेड अडून यंत्र जागीच घुरघुरत राहिले, तर इंजिनाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. तेव्हा तापमानाचा काटा पाहून खालचा गिअर घ्यायचा किंवा माती कमी उचलायची. पुढे-मागे करताना इंजिनाचा वेग उतरवायचा, यंत्र थांबू द्यायचे, मगच दिशा बदलायची. बंद पडलेले यंत्र तसेच ओढून न्यायचे नाही, कारण पेटीला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. चाके फिरतात पण तेल पोहोचत नाही.

जुनी यंत्रे दणकट होती, कशीही चालवली तरी चालायची, असे अनेकदा लिहिले जाते. मला ते पटत नाही. लोखंड जाड होते हे खरे. पण जुनी पेटी चूक झाकत नव्हती, उलट ती लगेच दातांवर उमटवत होती. आज चालू स्थितीत असलेले त्या पिढीचे प्रत्येक यंत्र कोणीतरी थांबून, वाट पाहून चालवलेले आहे. सरकारी फायलींत त्या यंत्रांचे क्रमांक, खरेदीची किंमत आणि घसाऱ्याचा दर नोंदलेला असतो. ज्या हातामुळे घसारा कमी पडला, त्याच्यासाठी त्या तक्त्यात रकानाच आखलेला नाही.