लांबून मारा करणारे ड्रोन आणि क्षेपणास्त्रं किती परिणामकारक?

१४ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे सौदी अरेबियातल्या अबकैक आणि खुरैस इथल्या तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्रूझ क्षेपणास्त्रांनी हल्ला झाला. सौदीच्या म्हणण्यानुसार दोन्ही मिळून एकूण २५ होती. एवढ्यानेच दिवसाला सुमारे ५७ लाख बॅरल, म्हणजे देशाचं जवळपास निम्मं तेल उत्पादन बंद पडलं. येमेनच्या हूतींनी जबाबदारी घेतली. सौदी आणि अमेरिकेने इराणकडे बोट दाखवलं, इराणने ते नाकारलं.

सौदीकडे तर अमेरिकेची महागडी पॅट्रियट यंत्रणा होती. मग अडलं कुठे? बॅलिस्टिक क्षेपणास्त्र खूप उंच जाऊन प्रचंड वेगाने खाली येतं, तिथे पॅट्रियट कामाला येते. क्रूझ आणि ड्रोन मात्र जमिनीलगत उडतात आणि रडारला फार उशिरा दिसतात. तरी काही आठवड्यांत उत्पादन पूर्ववत झालं, हेही लक्षात घ्यायला हवं.

एप्रिल २०२४ मध्ये याच्या उलट घडलं. इराणने इस्रायलवर ३०० हून जास्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रं सोडली. शाहेद ड्रोनचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही आतला, त्यामुळे पोहोचायला कित्येक तास लागतात. तोवर इस्रायल सावध होता, शिवाय अमेरिका, ब्रिटन आणि जॉर्डनही मदतीला होते. बहुतेक सगळी वाटेतच पाडली गेली. नेवातिम हवाई तळावर काही क्षेपणास्त्रं पडली, पण नुकसान किरकोळ झालं.

म्हणजे हल्ला फसला? पैशाच्या हिशोबात तसं म्हणता येत नाही. असा एक ड्रोन अंदाजे वीस ते पन्नास हजार डॉलरात तयार होतो. पॅट्रियटचं एकच क्षेपणास्त्र तीस-चाळीस लाख डॉलरचं असतं. पाडणाऱ्याचाच खजिना आधी रिकामा होतो.

आणि मार कुणाला बसतो? त्या एप्रिलच्या रात्री गंभीर जखमी झाली ती नेगेवच्या वाळवंटातली सात वर्षांची बदाऊन मुलगी. क्षेपणास्त्राचा तुकडा तिच्या घरावर पडला. सरकारी मान्यता नसलेल्या अशा वस्त्यांत लपायला पक्क्या खोल्या नसतात. आखातात आपली माणसं असलेल्या घरांना त्याआधीची १७ जानेवारी २०२२ ही तारीखही आठवत असेल. त्या दिवशी हूतींच्या हल्ल्यात अबुधाबीच्या मुसफ्फामध्ये इंधनाचे तीन टँकर पेटले. तिघे गेले, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी.