पाळीवरचे ठाणे

ठाण्याच्या माणसाला 'मासुंदा तलाव कुठे?' असे विचारा, तो क्षणभर घोटाळेल. 'तलावपाळी कुठे?' म्हणा, लगेच हात पुढे करील. पाळ म्हणजे तळ्याचा काठ, पाणी अडवून धरणारा बांध. गावाने तळ्याचे नाव मागे ठेवले आणि काठाचे पुढे केले. आम्हां ठाणेकरांचे प्रेम पाण्यापेक्षा काठावरच अधिक, हे त्या नावातच कबूल झाले आहे!

हा काठ जुना आहे. मुंबई ही सात बेटे होती तेव्हा ठाणे राजधानीचे गाव होते. शिलाहार राजे त्याला श्रीस्थानक म्हणत. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खणताना त्यांचा एक ताम्रपट निघाला. अरिकेसरी राजाचा, इ. स. १०१७ मधला. ते राजे शिवभक्त, आणि देऊळ तिथे तळे ही त्या काळची रीत. ठाण्याच्या परिसरात एके काळी साठांहून अधिक तळी होती असे सांगतात. त्यांतल्याच एका तळ्यात सापडलेली चतुर्मुख ब्रह्मदेवाची मूर्ती आज कौपिनेश्वराच्या आवारात आहे. ब्रह्मदेवाची पूजा दुर्मीळ, मूर्तीही दुर्मीळ; पण बाजाराला निघालेल्या आमच्या बायका पिशवी हातात धरूनच तिला नमस्कार करतात.

शिलाहार गेले, सुलतान आले, सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. त्यांनी काठाला चर्च बांधले. सेंट जॉन बाप्टिस्टचे हे चर्च अजून नांदते आहे. १७३० च्या सुमारास त्यांनी खाडीकाठी किल्ल्याचे काम काढले. ते पुरे होण्याआधीच १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. मग १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी पूर्वेच्या काठावर कौपिनेश्वराचे देऊळ पुन्हा उभे केले. आत गेल्यावर ती भव्य पिंडी पाहून माणूस आपोआप गप्प होतो. पुढे १८७९ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून देवळाची डागडुजी केली. राज्य तेव्हा इंग्रजांचे होते, पण देवळाची काळजी गावाची होती.

मराठ्यांचा अंमल ठाण्यावर जेमतेम सदतीस वर्षे टिकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला. याच किल्ल्यातून १८१६ साली त्रिंबकजी डेंगळे निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणत असे आणि त्या गाण्यांतून पळण्याचा बेत कैद्याला कळवीत असे, अशी हकीकत आहे. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी येत नव्हते. मराठी न शिकल्याचा तोटा मी वर्गात याच गोष्टीवरून समजावतो!

पुढे रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी तीन इंजिने, चौदा डबे आणि चारशे पाहुणे घेऊन ठाण्याला पोचली. दहा वर्षांत, १८६३ मध्ये, नगरपालिका आली. कचेऱ्या, वकील, कारकून, मास्तर, छापखाने अशी नवी वस्ती तयार झाली. मिठाचा व्यापार करणाऱ्या विशीतल्या विनायक लक्ष्मण भाव्यांनी चार मित्र जमवून १८९३ च्या जूनमध्ये येथे मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे भावे ते हेच. तळ्यापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुस्तक बदलून घ्यायचे आणि पाळीवर बसून पहिली पाने चाळायची, हा क्रम मी अजून मोडलेला नाही.

पण खरा पालट त्यानंतरचा. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, ठाण्यालाच उभी राहिली. कामाला माणसे आली, त्यांना घरे लागली, घरांना जमीन लागली. तळे म्हणजे फुकटची जमीन! चार पावसाळे कचरा आणि राडारोडा टाकला की तिथे मैदान होते, मैदानावर मांडव पडतो, मग पत्रे, मग पाया. साठांहून अधिक तळ्यांची आज पस्तीसेक उरली आहेत. आणि तरी आम्ही अभिमानाने 'तलावांचे शहर' अशी पाटी लावतो.

मासुंदा का वाचला? मला वाटते, त्याच्या काठावर प्रत्येकाचे काहीतरी होते म्हणून. देऊळवाल्यांना घाट हवा होता, चर्चला मोकळा वारा, जांभळीनाक्याच्या भाजीवाल्यांना गिऱ्हाईक. १९७८ मध्ये काठावर राम गणेश गडकरींच्या नावाचे रंगायतन झाले आणि नाटकवाल्यांचीही पाळीवर वहिवाट पडली. तिसऱ्या घंटेपूर्वी पाळीवर उभे राहून बटाटावडा संपवण्याची घाई ज्याने केली नाही, त्याने ठाण्यात नाटक पाहिले असे मी मानत नाही. एकट्याच्या मालकीचे तळे विकले जाते, बुजते. दहाजणांच्या वहिवाटीचे बुजवायला निघाले की दहाजण भांडायला येतात.

अर्थात वाचला म्हणजे सुखी आहे असे नव्हे. देवळाला बाजाराने वेढले, पाळीला रस्त्यांनी. गणपती मात्र आता काठालगतच्या कृत्रिम हौदात विसर्जित होऊ लागले आहेत. पहिल्यांदा हे ऐकून आमच्या आळीतले म्हातारे चिडले होते. आता तेच नातवंडांना हौदाकडे नेतात.

दिवाळीच्या पहाटे मात्र पाळीवर यावे. अभ्यंगस्नान, कौपिनेश्वराचे दर्शन, मग नव्या कपड्यांची सारी तरुण मंडळी राममारुती रस्त्यापासून तळ्यापर्यंत लोटते. कुठे ढोल, कुठे गाणे, पैठण्या, नऊवाऱ्या, आणि शाळा सोडून दहा वर्षे झालेले विद्यार्थी 'सर, ओळखलंत का?' म्हणून पुढे येतात. नऊच्या सुमारास ऊन चढते, फराळाच्या ओढीने गर्दी पांगते, आणि नाववाले ताडपत्री ओढून होड्या पाण्यात सोडतात.