‘देवी काढणे’ : वऱ्हाडातील लसस्वीकृतीचा शब्दांत उरलेला इतिहास

गरीब देशांतील जनता नवी लस सहजासहजी का स्वीकारीत नाही, या प्रश्नाची चर्चा बहुधा ‘अज्ञान’ आणि ‘अंधश्रद्धा’ या दोन शब्दांनी सुरू होते व तेथेच संपते. बुलढाणा जिल्ह्याच्या बोलीकडे कान दिल्यास मात्र काही निराळे हाती लागते. या जिल्ह्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, मसूरिका या रोगाचे नाव ‘देवी’ आणि त्या रोगाविरुद्ध केलेल्या टोचणीचे नावही ‘देवी’च. मुलाला ‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला. ‘देवी काढल्या’ म्हणजे रोगाचा प्रतिबंध केला.

आता व्याकरण पाहावे. देवता एकवचनी आहे: ‘तिच्या अंगात देवी आली.’ रोग अनेकवचनी आहे: ‘पोराच्या अंगावर देवी आल्या.’ गोवर येतो, कांजिण्या येतात, तशा देवी येतात. म्हणजे देवतेचे नाव फोडांना देऊनही बोलणाऱ्यांनी देवता आणि फोड यांत वचनाचा भेद राखला होता. ‘काढणे’ हे क्रियापदही अर्थपूर्ण आहे. काटा काढतात त्या अर्थाने ते घ्यावे, की रांगोळी काढतात त्या अर्थाने? प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या अर्थाकडे आहे. टोचणाऱ्याने दंडावर देवी रेखाटल्या, मोजक्या आणि आटोक्यातल्या. देवीला हाकलून लावण्याची भाषा येथे नाही. नवी गोष्ट जुन्या नावाखाली घरात आली, आणि तिच्या स्वीकाराला या नावाचा हातभार लागला असावा, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात शब्दावरून मनोवृत्तीचे अनुमान करताना सावधगिरी हवी. शब्द पुरावा आहे, साक्षीदार नव्हे.

हिंदुस्थानातील पहिली यशस्वी गो-मसूरिकेची टोचणी 14 जून 1802 रोजी मुंबईस ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस झाली. बसऱ्याहून आलेली ती लस पुढे एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी चालत राहिली. हे दंडोदंडीचे चालणे लक्षात घेतल्याशिवाय एकोणिसाव्या शतकातील विरोध उमगत नाही. ‘लस’ या शब्दाचा मूळ अर्थ जखमेतून पाझरणारा द्रव असा आहे. परक्याच्या, कदाचित परजातीच्या, मुलाच्या फोडातील लस आपल्या मुलाच्या रक्तात मिसळू देण्यास, किंवा आपल्या तापलेल्या मुलाचा फोड दुसऱ्यासाठी फोडू देण्यास, आईबापांनी नकार दिला तर त्याला केवळ अंधश्रद्धा म्हणता येत नाही. त्या रीतीने इतर रोगही पसरू शकत, हे पुढे वैद्यकानेही मान्य केले आणि वासरापासून लस मिळविण्याची पद्धत रूढ झाली.

वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. येथे आणखी एक अडचण होती, ती हवेची. उन्हाळ्यात लस निकामी होई, म्हणून टोचणीचा हंगाम हिवाळ्याचा. पण मेहकर-चिखलीच्या काळ्या मातीत हिवाळा म्हणजे कापसाची वेचणी. टोचल्यानंतर सुमारे आठवड्याने मूल पुन्हा दाखवावयाचे, मध्ये त्याला ताप येणार. वेचणीवर जाणाऱ्या बाईची मजुरी दोनदा बुडणार. या हिशेबाला आपण क्वचितच इतिहासात जागा देतो. 1880 चा सक्तीचा कायदा मुळात नगरपालिका व छावण्यांपुरता होता. अशा कायद्याची तरतूद खेड्यातील या हिशेबापर्यंत पोहोचणारी नव्हती.

अविश्वासाला कधीकधी प्रत्यक्ष घटनाही कारण होत. 1902 मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे प्लेगची लस टोचलेली 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावरील ठपका पुढे दूर झाला. परंतु अशी वार्ता जितकी दूर जाते तितका तिचा खुलासा जात नाही.

देवीनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला, भारतातील शेवटचा रुग्ण 1975 मध्ये आढळला, आणि रोगाबरोबर ‘देवी काढणे’ हे क्रियापदही निवृत्त झाले. तरी ते लगेच मेले नाही. आमच्या पिढीच्या दंडावरचा वण बीसीजीचा आहे. घरातील वडीलधारी माणसे त्यालाही ‘देवी’च म्हणत. पुढे 1995 पासूनच्या मोहिमेत पोलिओचा डोस ‘पाजला’ जाऊ लागला, आणि 2021 मध्ये कोरोनाची लस ‘घेतली’ गेली. काढणे, पाजणे, घेणे: पहिल्या दोन क्रियापदांत कर्ता दुसरा कोणी असतो, तिसऱ्यात तो स्वतः टोचून घेणारा आहे. संमतीचे ओझे प्रौढ माणसाच्या खांद्यावर आल्याचे हे व्याकरण होय.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली बोलली जाते. कायपर यांनी 1962 मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तिचे कोणत्याही भाषाकुलाशी नाते अद्याप सिद्ध झालेले नाही. बोलणारे सुमारे दोनअडीच हजार. त्यांच्या शेजारी कोरकू, त्यापलीकडे वऱ्हाडी, आणि त्याही पलीकडे शासकीय पत्रकातील ‘लसीकरण’, ‘प्रतिपिंडे’, ‘वर्धक मात्रा’. वऱ्हाडी शेतकऱ्याला ‘देवी’ हा शब्द स्वतःच्या घरात सापडला होता. निहाली घरात मात्र लस परभाषेतूनच येते. त्या घरात तिच्यासाठी कोणते क्रियापद वापरले जाते, याची नोंद आमच्या विद्यार्थ्यांनी कोरोनाच्या वर्षांची आठवण ताजी आहे तोवर करावयास हवी.