भाडे कुणाच्या हाती?

ब्रिटनमध्ये गरीब भाडेकरूला सरकार घरभाड्यासाठी साहाय्य देते. ते कुणाच्या हाती पडते, या इतिहासात मला सत्तेचा प्रश्न दिसतो. पूर्वी खासगी घरातला भाडेकरू स्वतःच्या संमतीने ती रक्कम थेट घरमालकाकडे वळवू शकत असे. २००८ च्या नियमांनी नव्या अर्जदारांची ही मुभा काढून घेतली. म्हणे, जबाबदारी शिकवायची! अपवाद दुर्बळांचा: पैशांचा व्यवहार न झेपणारा, किंवा आठ आठवड्यांचे भाडे थकलेला. म्हणजे छप्पर वाचवायचे तर आधी अक्षमतेचा शिक्का घ्या, नाहीतर थकबाकीत बुडा. मालकाला थेट भरणा मला मान्य आहे. पण निर्णय भाडेकरूचा हवा. २०१७ पासून स्कॉटलंडमध्ये युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांना अशी निवड मिळू लागली. मग ती इतरांना का नाकारायची?