क्रियापद झालेला कप्तान

आपलं नाव मागे उरावं म्हणून माणसं काय काय करतात! कोणी धर्मशाळा बांधतो, कोणी देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेतो. ज्याला तेवढंही झेपत नाही तो निदान सभामंडपातल्या पंख्यावर 'यांचे स्मरणार्थ' रंगवून ठेवतो. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट या गृहस्थाने यातलं काहीच केलं नाही आणि तरी थेट शब्दकोशात जागा पटकावली. तीही क्रियापदाची!

क्रिकेटवेड्यांना 'बॉयकॉट' म्हटलं की जेफ्री आठवतो. १९६७ साली लीड्सला त्याने आपल्याविरुद्ध नाबाद २४६ धावा काढल्या आणि त्या फार रमतगमत काढल्या म्हणून पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं. म्हणजे बॉयकॉटवरच बॉयकॉट! पण आपला बॉयकॉट तो नव्हे.

आपला बॉयकॉट आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांच्या जमिनीचा कारभारी. लष्करात थोडे दिवस काढलेले, म्हणून लोक कॅप्टन म्हणत. १८८० साली कुळांनी खंडात चौथाईची सूट मागितली. लॉर्डसाहेब दहा टक्क्यांच्या पुढे सरकेनात. बॉयकॉटने कुळांना बेदखल करण्याच्या नोटिसा काढल्या.

त्याच सप्टेंबरात एनिसच्या सभेत पार्नेल यांनी लोकांना एक युक्ती सांगितली होती. बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला मारू नका, नुसतं एकटं पाडा. रस्त्यात, दुकानात, बाजारात त्याच्याशी बोलूच नका. हे औषध पहिल्याप्रथम जोरात लागू पडलं ते कप्तानाला. मजूर गेले, मोलकरणी गेल्या, लोहार येईना, धोबीण कपडे घेईना, दुकानदार माल देईना. पीक शेतात उभं.

मग अल्स्टरमधून पन्नास स्वयंसेवक कापणीला आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक आणि पोलीस. आता माझ्यातला कारकून जागा होतो. जमेची बाजू : पीक, अंदाजे पाचशे पौंड. खर्चाची बाजू : बंदोबस्त, अंदाजे दहा हजार पौंड. असा खर्च मंजूर करणाऱ्याची आमच्याकडे इन्स्पेक्शनमध्ये धडगत नव्हती. कप्तानाने नोव्हेंबरअखेर गाव सोडलं. डब्लिनच्या हॉटेलात उतरला, तर मालकाला धमकीची चिठ्ठी, याला ठेवलंत तर तुमचाही बॉयकॉट!

हे नाव ठेवलं कोणी? फादर ओमॅली नावाच्या गावच्या धर्मगुरूने, असं अमेरिकन पत्रकार रेडपाथ यांनी लिहून ठेवलंय. एकटं पाडण्याला इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' असा भारदस्त शब्द होता, पण शेतकऱ्यांच्या तोंडात तो बसेना. फादर म्हणाले, मग 'बॉयकॉट करणं' म्हणू या! शब्द असा सुटला की फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही जाऊन बसला.

आपल्याकडे तो १९०५ च्या वंगभंगाच्या वेळी गाजला. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्या जोडीला 'बहिष्कार' आला. मराठी शब्द शोधावा लागला नाही, तो आपल्या घरात होताच. पण घरात त्याचं काम निराळं होतं. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून ग्रामण्य उठलं तेव्हा टिळक आणि रानडेही त्यातून सुटले नाहीत. त्यांचं प्रायश्चित्तावर भागलं. ज्यांचं प्रायश्चित्तावर भागत नव्हतं त्यांच्यासाठी बाबासाहेबांनी १९२७ साली पाक्षिक काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'बहिष्कृत भारत'.

शाळेत मास्तर सांगायचे, क्रियापद दिसलं की आधी कर्ता शोधा, मग कर्म. या क्रियापदाला तर ते फारच लागू आहे. कर्ता कूळ आणि कर्म कारभारी असेल तर तो प्रतिकार. कर्ता सगळा गाव आणि कर्म एकटंदुकटं घर असेल तर तो जुलूम. शब्द तोच, धोबीण तीच, बंद झालेलं दुकानही तेच! हा फरक इतका अवघड निघाला की महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला.

कप्तान १८९७ साली वारला. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर बिचारा आयुष्यात एकदाच कर्म झाला आणि त्याच कर्माने अमर झाला.