सामान्य माणसाची मोटार

रोज दूरवर कामाला जाणाऱ्या माणसाने मोटार कोणती घ्यावी, हा प्रश्न वरकरणी केवळ बाजाराचा वाटतो. परंतु त्याला इतिहास आहे. ज्याची भाकरी या जाण्यायेण्यावर अवलंबून आहे, त्याची गाडी अडली की दिवसाची कमाईच बुडते. तेव्हा ‘स्वस्त’ आणि ‘भरवशाची’ या दोन शब्दांचा अर्थ काय, हे अमेरिकेतील ‘मॉडेल टी’ या गाडीच्या चरित्रावरून पाहण्यासारखे आहे.

1908 साली हेन्री फोर्डने ही गाडी बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत 850 डॉलर होती. त्या काळी मोटार हा बहुतांशी श्रीमंतांचा शौक होता. फोर्डने एकच नमुना धरला, व्हॅनेडियम मिसळलेले चिवट पोलाद वापरले आणि खाचखळग्यांच्या रस्त्यावरही चालेल अशी उंच बांधणी ठेवली. 1913 साली हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. एका सांगाड्याच्या जुळणीला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. ते काम पुढे 93 मिनिटांवर आले. 1925 साली तिचा सर्वांत स्वस्त नमुना 260 डॉलरला मिळत होता.

किंमत ही मात्र अर्धीच गोष्ट झाली. ही गाडी बिघडत नसे असे नव्हे. ती बिघडे, परंतु थोड्या हत्यारांनिशी दुरुस्त होई. सुटे भाग एकसारखे असून गावोगावच्या विक्रेत्यांकडे मिळत. यंत्राची फारशी माहिती नसलेला शेतकरीही पाना-पक्कड घेऊन आपले काम भागवी. गाडीचा खरा भरवसा तो हाच.

मग ती मागे का पडली? तिचा दांडा हाताने फिरवावा लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. वीजेवर सुरू होणारे इंजिन कॅडिलॅकने 1912च्या गाडीतच दिले होते. फोर्डने ती सोय 1919 साली, तीही निराळ्या किमतीला, दिली. थंडीपावसात रोज प्रवास करणाऱ्याला बंदिस्त गाडी हवी होती. 1925 साली एसेक्सची बंदिस्त गाडी त्यांच्याच उघड्या गाडीहून स्वस्त झाली. जनरल मोटर्सने 1919 पासून हप्त्यांची सोय केली होतीच. दीड कोटींवर गाड्या काढून अखेर 1927 साली ‘मॉडेल टी’ बंद झाली. लोकांची गरज बदलली होती. फोर्डचे उत्तर मात्र जुनेच राहिले होते.

श्रोतेहो, यातून आपण घ्यावयाचा धडा साधा आहे. गाडी घेताना दुकानातील किंमत पाहून थांबू नये. रोजचे अंतर किती, इंधन किती लागेल, सुटा भाग जवळ मिळेल काय आणि कारागीर कोठे आहे, हे आधी विचारावे. आणि काल शेजाऱ्याला जी गाडी लाभली, तीच आज आपल्याला लाभेल, असे गृहीत धरू नये.