नॉर्वे नाही, मणिबेली

मित्रानं व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. दोन्ही बाजूंना उभे डोंगर, मध्ये हिरवंनिळं पाणी, त्यात एक बोट. खाली लिहिलं होतं, ‘ओळख!’

मी लिहिलं, ‘नॉर्वे.’

फोटो मणिबेलीजवळचा निघाला. म्हणजे अक्कलकुवा तालुक्यातला, माझ्याच नंदुरबार जिल्ह्यातला. खरं सांगतो, लाज वाटली. त्या रात्री वाचत बसलो.

नॉर्वेतला फियॉर्ड हिमनदीनं कोरलेल्या दरीत समुद्र शिरून होतो. त्याला हजारो वर्षं लागतात. आमचं पाणी सरदार सरोवराचं. नर्मदेची दरी एका पिढीच्या डोळ्यांदेखत भरली. महाराष्ट्रातली ३३ गावं त्यात बाधित झाली, बहुतेक भिल्ल आणि पावरा लोकांची. पहिला नंबर मणिबेलीचा.

जागतिक बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं जून १९९२मध्ये पुनर्वसनातल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवलं. मार्च १९९३मध्ये भारतानं बँकेचं उरलेलं कर्ज सोडून दिलं. पण भिंतीचं काम थांबलं नाही. त्याच पावसाळ्यात मणिबेलीच्या घरांत पाणी शिरलं. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेनं पैसा देऊ नये, अशी मागणी केली. त्या जाहीरनाम्याचं नाव ‘मणिबेली’.

आता खऱ्या नॉर्वेकडे या. तिथल्या आल्टा नदीवर धरण ठरलं, तेव्हा मूळ आराखड्यात माझे हे सामी आदिवासींचं गाव बुडणार होतं. विरोधामुळे १९७३मध्ये ते वगळलं गेलं. धरण तरीही झालं, १९८७मध्ये. पण त्या लढ्यामुळे सामींच्या हक्कांचा प्रश्न देशासमोर आला आणि १९८९मध्ये त्यांची स्वतःची संसद सुरू झाली.

सरदार सरोवर २०१९मध्ये पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत, म्हणजे काठोकाठ भरलं. माझे गाव नकाशावर आहे. मणिबेलीचं नावही आहे, पण जुनी घरं, जुनी शेतं पाण्याखाली.

फोटो परत उघडला आणि बोट झूम करून पाहिली. मला ती सहलीची वाटली होती. या काठावरच्या पाड्यांमधून आजारी माणसाला दवाखान्यात न्यायलाही बोटच लागते. सरकारी बोट ॲम्ब्युलन्स आहे इथे.

मित्राला एवढंच लिहिलं, ‘पुढच्या वेळी फोटोखाली गावाचं नाव टाक.’